एकशे अडतीस नंबरची बत्ती

“आधी खाली ठेव तिले,” बाबा म्हणाले.

मी ठकूला दोन्ही हातांवर घेऊन त्यांच्यापुढे उभी होते. तीन महिन्यांची माझी लेक, नुकतीच न्हालेली, वेखंडाच्या वासाची, हवेत पाय झाडत होती. बाबा ओसरीवर पोतं अंथरून बसले होते आणि त्यांच्यासमोर अय्यूबभाईच्या भंगाराच्या दुकानातून आणलेल्या बिल्ल्यांचा ढीग होता.

“खाली कुठं ठेवू? फरशीवर?”

“पाळण्यात ठेव. मी दोरी हालवतो.”

“दोरी काय, मीही हालवीन. जराशी घ्या ना बाबा. मला वेणी घालायची आहे.”

“मंग घाल वेणी. घाई काय आहे?”

आई पायरीवर बसून ठकूचा चांदीचा ताईत दगडावर घासत होती. नव्या ताईताचे कोपरे पोरीच्या पोटाला टोचत होते, लाल रेघा उठल्या होत्या. घासता घासता तिनं मान वर न करता म्हटलं, “ठेव व वेणू पाळण्यात. त्यायचं तसंच आहे, तुले का आज मालूम झालं?”

आज मालूम झालं नव्हतं. कळायला लागल्यापासून मालूम होतं. माझे बाबा कुणाच्या हातात काही देत नसत आणि कुणाच्या हातून काही घेत नसत. चहाचा कप स्टुलावर ठेवायचा, मग ते उचलायचे. किराणावाल्याला नोट द्यायची तर आधी काउंटरवर ठेवायचे. शाळेचा निकाल मी नाचत नाचत पुढे केला की म्हणायचे, “खाली ठेव, पाहतो.” लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे असतात. नसतात, हे मैत्रिणींच्या घरी जायला लागल्यावर कळलं. पण लाडात कुठं कमी नव्हतं. सायकल शिकवताना माझ्यामागे पळायचे, तापात रात्र रात्र उशाशी बसायचे, कपाळावर ओली पट्टी ठेवायचे. फक्त हातातून हातात नाही. माझ्या लग्नात कन्यादान मामा-मामींनी केलं. लोकांना सांगितलं की बाबांची कंबर धरली आहे. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांची कंबर एकदम ठणठणीत होती.

तेव्हाही मी काही बोलले नव्हते. पण लेक झाल्यावर माणूस हट्टी होतं. बाळंतपणाला माहेरी येऊन मला तीन महिने झाले होते, सहा दिवसांनी रविवारी सासरची माणसं न्यायला येणार होती, आणि माझ्या बाबांनी माझ्या लेकीला एकदाही हातात घेतलं नव्हतं. पाळण्यावर वाकून तिच्याशी तासन्‌तास बोलत. तिनं बोट धरलं तर धरू देत. पण उचलायचं नाव नाही. मी मनाशी ठरवलं होतं, रविवारच्या आत यांनी हिला एकदा तरी घेतलंच पाहिजे. कसं, ते ठरलं नव्हतं.

मी ठकूला पाळण्यात टाकलं आणि वेणी घालता घालता त्यांच्याजवळ बसले.

बाबा एकतीस वर्षं पिंपळधऱ्याच्या कोळसा खाणीत बत्तीबाबू होते. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस आधी बत्तीघराच्या खिडकीशी यायचा. प्रत्येकाचे दोन बिल्ले असत, दोन्हींवर एकच नंबर. एक गोल, पितळेचा. तो खिडकीत द्यायचा आणि टोपीला लावायची बत्ती घ्यायची. बाबा तो बिल्ला भिंतीवरच्या फळीला त्या नंबरच्या खिळ्यावर टांगायचे. माणूस वर आला की बत्ती परत, बिल्ला परत. म्हणजे पाळी सुटल्यावर फळीवर बिल्ला लटकलेला दिसला, तर तो माणूस अजून खालीच आहे. दुसरा बिल्ला अ‍ॅल्युमिनियमचा, आठ कोपऱ्यांचा. तो गळ्यात नाहीतर कमरेच्या दोऱ्यात, कायम अंगावर. खाली काही झालं आणि चेहरा ओळखू येईनासा झाला, तर हा कोण, हे त्या बिल्ल्यावरून कळावं म्हणून.

खाण बंद पडून चार वर्षं झाली होती. सामान लिलावात गेलं आणि बिल्ले पोत्यांनी भंगारात गेले. बाबा दर सोमवारी अय्यूबभाईकडे जाऊन ढिगातून ते निवडून आणत. घरी चिंचेच्या पाण्यानं घासत, आणि मग ओळखत. कारण नंबर पुरेसा नसायचा. एकाच नंबरावर आगेमागे तीन-तीन माणसं कामाला राहून गेलेली. पण बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून जो तो आपल्या बिल्ल्यावर आपली खूण करून ठेवी. बाबांना खुणा पाठ होत्या.

“हे पाय. काठावर तीन खाचा. कोण?”

“मल्लेश?”

“मल्लेशच्या दोन. तीन म्हंजे त्याचा साळा. त्याले मल्लेशपेक्षा एक जास्तच लागे सगळं.” ते हसले. “आन हे दाताचे निशाण. पट्टा बांधताना दातात बिल्ला धरे, सुखदेव. दोनशे सात.”

ओळख पटली की बाबा तो बिल्ला पुडीत बांधून, वर नाव लिहून, जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर त्या घरी पाठवत. कुणी देवाऱ्यात ठेवी, कुणी चौकट करून भिंतीला लावी. सुखदेवच्या बायकोनं आधी पाठवलेला एक बिल्ला डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातला होता. बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले होते, “बरं केलं. जिता असताना घराले कधी आधार नाही देल्ला त्यानं.”

त्या दिवशीही असंच चाललं होतं. मी ढिगातून एक बिल्ला उचलला, साडीच्या काठानं पुसला आणि वाचला.

“एकशे अडतीस. आठ कोपऱ्यांचा.”

बाबांचा हात थांबला.

“किती म्हणलं?”

“एकशे अडतीस.”

“खाली ठेव.”

मी ठेवला. त्यांनी तो उचलला, चष्म्याजवळ नेला, मग दूर धरला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते उठले, आत गेले. देवाऱ्याशेजारच्या खिळ्यावर एक गोल पितळी बिल्ला मला आठवतं तेव्हापासून टांगलेला होता. दर शनिवारी पुसला जायचा, पण कुणाचा म्हणून विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. तो घेऊन ते बाहेर आले आणि दोन्ही शेजारी-शेजारी पोत्यावर ठेवले. १३८. १३८.

“हा वर यायलेच नाही पाहिजे,” बाबा म्हणाले. “मागं फुली आहे, त्याचीच खूण. हा त्याच्या अंगावर आहे. तो खाली आहे.”

“कोण खाली आहे?”

“बिसराम.”

आईचं घासणं थांबलं. ती उठून आली, बिल्ल्यांकडे पाहिलं आणि मटकन बाबांच्या शेजारी बसली.

मग बाबांनी सांगितलं. आईला अर्धं ठाऊक होतं, मला काहीच नाही. मी वर्षाची असताना खाणीत एके ठिकाणी छत बसलं होतं. फळीवर पाच बिल्ले राहिले. दोघं जिवंत निघाले, दोघांची मढी निघाली. पाचवा बिसराम, बिलासपूरकडचा, वीस-बावीस वर्षांचा. त्याच्यासाठी पाच दिवस माणसं खणत राहिली. सहाव्या दिवशी आणखी दगड यायला लागले तेव्हा साहेबांनी तो भाग विटांची भिंत घालून कायमचा बंद केला. फळीवर एक बिल्ला उरला. तो बाबा घरी घेऊन आले.

“एवढं मले माहीत हाय,” आई म्हणाली. “पुढं सांगा. आता सांगूनच टाका.”

बाबांनी दोन्ही बिल्ले बोटानं सरळ केले. पाळण्यात ठकू स्वतःशीच काहीतरी बोलत होती.

“त्या दिवशी तो खिडकीशी आला,” ते म्हणाले. “बिल्ला देल्ला. मी नंबर लिहिला, बिल्ला टांगला. मंग म्हणते, बाबू, आज मन नाही होत. बिल्ला वापस द्या. मागं रांग उभी. लोक शिव्या देऊन रायले. मी म्हणलं, आता वहीत चढलं, खाडाखोड करता येत नाही. तरी तो हात मागंच घेऊन उभा. तं मी खिडकीतून बाहेर वाकलो, त्याचा हात धरला आन बत्ती त्याच्या हातात कोंबली. म्हणलं, जा. हे या हातानं.” त्यांनी उजवा हात उताणा केला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. “त्याच्या मनात नव्हतं, वेणू. मी देल्ली म्हणून गेला.”

 आईनं पदर तोंडाशी धरला होता. बावीस वर्षं हा माणूस कप स्टुलावर ठेवतो, नोट काउंटरवर ठेवतो, तो का, ते तिलाही त्या क्षणीच कळत होतं.

“आन आता हे,” बाबा म्हणाले. “कोळसा चोराले पोट्टे जुन्या खाणीत घुसतात. भिंत फोडली असंन त्यायनं. त्याच्या हाडावरून काढला असंन हा. निदान झाकून तरी होता बिचारा...”

त्यांचा आवाज फुटला. दुपारी ते जेवले नाहीत. पाळण्याची दोरीसुद्धा हातात धरली नाही. ओसरीवरच खुर्ची भिंतीकडे वळवून बसून राहिले. मला वाटलं, झालं. आता रविवार येईल, मी जाईन आणि हे असेच भिंतीकडे पाहत बसतील.

दुपारी ठकूला पाजायला घेतलं तेव्हा तिच्या कमरेच्या करगोट्यात आईनं घासलेला ताईत बांधलेला होता. पाजताना माझा हात त्याच्यावरून फिरत होता, उगाच. गुळगुळीत झाला होता, आता टोचत नव्हता. आणि माझा हात थांबला.

ठकूला तशीच पदराखाली धरून मी ओसरीवर आले. बिल्ले पोत्यावर तसेच पडले होते. मी आठ कोपऱ्यांचा उचलला. त्याचे कोपरे कोपरे नव्हतेच. आठही घासून गोल केलेले होते, एकसारखे, सावकाश, कुणीतरी दगडावर बसून घासावे तसे. मागाहून पाडलेलं दुसरं एक भोक होतं, तेही दोऱ्यानं झिजून लांबट झालं होतं.

“आई, इकडे ये. याला हात लावून पाहा.”

आईनं अंगठा फिरवला. मग ठकूच्या ताईतावर फिरवला. मग परत बिल्ल्यावर.

“माय वो,” ती म्हणाली.

“बाबा,” मी म्हटलं. “बाकीच्या आठकोनींचे कोपरे कसे आहेत?”

“टोकदार. छातीवर ओरखडे पडत सगळ्यायच्या. कोणी घासत नव्हतं. कंपनीचा माल, बिघडवला तं दंड.”

“मग हे कोणी घासले? मढ्यानं?”

बाबांनी मान वळवली.

“हा कुणीतरी लेकराला बांधला होता, बाबा. वर्षानुवर्षं बांधला होता. टोचू नये म्हणून घासला. चोरानं हाडावरून काढला असता तर सरळ विकला असता. त्याचे कोपरे घासत बसला असता का?”

बाबा उठले. खुर्चीला धरून उभे राहिले. “तुयं म्हणणं काय आहे?”

“माझं म्हणणं काही नाही. अय्यूबभाईला विचारू, हा कुठून आला.”

आम्ही दुकानात पोचलो तेव्हा अय्यूबभाई तराजूवर जुने पंखे मोजत होता. बिल्ला पाहून लगेच म्हणाला, “ये तो चाचा, परसो के गंज में निकला. फुटका अ‍ॅल्युमिनियमचा गंज, भाताचं पातेलं, आणला होता एका बाईनं, आत तळाला चिकटलेला होता. मैंने सोचा, चाचा का माल है, बाजूला ठेवला.”

“बाई कोण?”

“वीटभट्टीवरची. नदीच्या पल्याड नवी भट्टी लागली ना, छत्तीसगढ़ी लोक आलेत यंदा. पर हुआ क्या?”

बाबांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “नेतो का तिथं?”

अय्यूबभाईचा तीनचाकी टेम्पो होता. घरी येऊन आम्ही सांगितलं तर आईनं आकाशपाताळ एक केलं. “तीन महिन्याची पोर घेऊन भट्टीवर? धूर, धूळ, आन तो टेम्पो म्हंजे नुसता खडखडाट!”

“मग तिला ठेवून जाऊ? दर दोन तासांनी तिला दूध लागतं, ते तू देशील?”

“तू कायले जातं पण? त्यायले जाऊ दे.”

मी बाबांकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते, शर्टाच्या खिशात गोल पितळी बिल्ला, आणि खिशावर हात. एकटे गेले आणि तिथं काहीच निघालं नाही तर ते परत कसे येतील, हे मला आईला सांगता येईना. पण तिला कळलं असावं. तिनं ठकूला डोक्यापासून गुंडाळून दिलं आणि करगोट्यात एक काळा मणी जास्तीचा ओवला.

भट्टी गावापासून सहा मैल.  वाटेत अय्यूबभाईनं विचारलं, “चाचा, कुछ चोरी का मामला तो नहीं? अपना लाइसन्स है,” आणि मी “नाही हो” म्हटल्यावर गप्प झाला.

कच्च्या विटांच्या ओळी उन्हात वाळत घातल्या होत्या. पलीकडे पाचटाच्या झोपड्या. अय्यूबभाईनं एका बाईला ओळखलं. कडेवर नागडं पोर, डोक्यावर विटा. बिल्ला पाहताच तिच्या डोक्यावरच्या विटा खाली आल्या, आपटल्याच जवळजवळ.

“अरे, ये कहाँ मिला? बुढ़वा मेरी जान खा गया तीन दिन से!” आणि झोपडीकडे तोंड करून ओरडली, “बाबूजी! मिल गया तुम्हारा तमगा! लल्ला का दोरा टूटा था, गंज में ही गिरा था!”

झोपडीतून एक माणूस वाकून बाहेर आला. पांढरे खुंट, कमरेला फडकं, हाताला ओला चिखल. त्यानं आधी सुनेच्या हातातला बिल्ला पाहिला. मग मला. मग बाबांना.

बाबा जागचे हलले नाहीत.

त्या माणसानं चिखलाचे हात फडक्याला पुसले. सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग जसं शाळेतलं पोर गृहपाठाबद्दल बोलतं तशा आवाजात म्हणाला, “बाबू, बत्ती वापस करनी रह गई थी.”

बाबांच्या तोंडून आवाज आला, तो हसण्याचा होता की कसला, मला आजही सांगता येणार नाही. ते तिथंच विटांच्या ओळीवर बसले. दोन विटा मोडल्या.

“मोडू दे, मोडू दे,” बिसराम म्हणाला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

तो अर्धं हिंदीत, अर्धं तोडक्या मराठीत बोलत राहिला. बत्ती हातात घेऊन तो रांगेतून निघाला खरा. पण खाणीच्या तोंडाशी पोचण्याआधी वळला, कोळशाच्या ढिगाऱ्यामागून निसटला आणि नदीकाठी मोहाच्या झाडाखाली झोपला. “मन नहीं था, बाबू. तुमने दी तो ले ली, पर मन नहीं था.” जाग आली ती भोंग्यानं. लोक पळत होते आणि त्याचंच नाव घेत होते. अंगावर कंपनीची बत्ती, वहीत हजेरी, आणि खाली उतरलाच नाही. धरतील, जेलात घालतील, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. पळाला. पायी-पायी गावी पोचला तेव्हा घरासमोर पंगत बसली होती.

“मैंने पूछा, कौन मरा? बोले, तू.”

अय्यूबभाई फिस्सकन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

“फिर पंचों ने बोला, कंपनीवाले पैसा देके कागद पर अंगूठा ले गए, अब चुप रह. तो मैं अपना ही भाई बन गया. बाईस साल से भाई हूँ.”

मला त्याचा राग आला. आजही थोडा येतो. “तुमच्यासाठी पाच दिवस माणसं आत खणत होती,” मी म्हटलं. “त्यांच्यावर दगड पडत होते. एक शब्द कळवता आला नाही?”

त्यानं मान खाली घातली. “साल भर बाद पता चला, बेटी. फिर किस मुँह से आता?” आणि जरा वेळानं, “बाबू की याद आती थी. सोचता था, बत्ती का दाम बाबू की तनख़्वाह से कटा होगा.”

बाबांना मात्र राग आलेला दिसत नव्हता. ते नुसते त्याच्याकडे पाहत होते. चेहरा, मान, हात, पाय, जणू एकेक वस्तू मोजून घेत होते. एकदम त्यांनी विचारलं, “लेकरं किती?”

“तीन. ये लल्ला पोता. तीनों ने वही पहना, फिर इसने. मेरी जान बची थी उससे. मैंने सोचा, इनकी भी बचाए.”

“घासलं कोणी?”

“मेरी घरवाली ने. बच्चे को चुभता था.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून जपून ठेवलं आहे.

बिसराम उठला, झोपडीत गेला. खुडबुड ऐकू आली. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि उलगडलं. टोपीवरची बत्ती. तार काळी पडलेली, काच एका बाजूनं तडकलेली. “बॅटरी सड़ गई. ये बचा है. फेंका नहीं कभी. जहाँ गए, साथ ले गए. कंपनी का माल है.”

त्यानं ती दोन्ही हातांवर धरून पुढे केली.

बाबांच्या तोंडात शब्द आलाच होता. मला त्यांच्या ओठांवर तो दिसला, “खाली...”  बिसराम तसाच उभा, हात पुढे.

बाबांनी शब्द गिळला. उठले. दोन्ही हात पुढे करून बत्ती घेतली, त्याच्या हातातून, सरळ. क्षणभर दोघांचे चार हात त्या बत्तीखाली होते. मग त्यांनी ती उलटी केली, तार पाहिली, बटण दाबून पाहिलं, काच उजेडाकडे धरली. खिडकीमागं बसून एकतीस वर्षं जशी पाहिली तशीच.

“काच तडकली,” ते म्हणाले.

“हाँ बाबू.”

“बॅटरी नाही.”

“नहीं बाबू.”

“बरं. जमा.” आणि खिशातला गोल बिल्ला काढून त्यांनी बिसरामच्या तळहातावर ठेवला, आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली. “घे तुया बिल्ला. सुटली पाळी.”

बिसराम मग रडला. सुनेला काही कळेना, ती माझ्याकडे पाहून खुणेनं विचारत होती, काय झालं? मी मान हलवली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, ते खुणेनं सांगता येईना. तिच्या कडेवरचं पोर ठकूच्या काळ्या मण्याला हात लावायला बघत होतं.

चहा झाला. जाताना बाबांनी बिसरामला सांगितलं, “मी कोणाले सांगत नाही. भाऊ हाय तं भाऊच राय.” अय्यूबभाईकडे त्यांनी नुसतं पाहिलं, तर तो म्हणाला, “मैंने तो कुछ सुना ही नहीं, चाचा. इंजिन का आवाज कितना है.”

टेम्पोची पायरी उंच. एका हातात ठकू, दुसऱ्या हातानं दांडा धरून चढायला गेले तर चढता येईना. येताना अय्यूबभाईच्या सीटवर तिला आधी ठेवलं होतं, मग चढले होते. सवयीनं मी तेच करायला वाकले.

“थांब,” बाबा मागून म्हणाले. “कायले ठेवतं? आण इकडे.”

मी वळले. बाबांनी दोन्ही हात पुढे केले होते. उताणे. 

 काही बोलले असते तर कदाचित ते हात मागं गेले असते. मी माझी लेक त्यांच्या हातांवर ठेवली. एक हात त्यांनी तिच्या मानेखाली नेला, दुसरा पाठीखाली, आणि एकदा उजेडाकडे धरून पाहिली. मग शर्टाशी घट्ट आवळली. ठकूनं त्यांच्या खिशाचं बटण पकडलं आणि ओढायला लागली.

सहा मैल ती त्यांच्याच मांडीवर होती. गावात शिरताना रडायला लागली, भूक लागली होती, मी हात पुढे केला तर म्हणाले, “आलंच घर, दम खाय.” दाराशी आई उभीच होती. तिनं आम्हाला पाहिलं, बाबांच्या हातातलं गाठोडं पाहिलं, आणि तिचा पदर परत तोंडाशी गेला. तरी सवयीनं तिनं दोन्ही हात पुढे केले, पोर घ्यायला.

बाबा तिला चुकवून सरळ आत गेले.

“थांब ना व जराशी,” ते म्हणाले. “आताच तं घेतली.”